पंचावन्न इंची पडद्यावर १९९१चे लग्न

टीव्हीच्या दुकानात ओळीने लावलेले मोठे पडदे पाहिले की मन हरखून जाते. इंदूरच्या जेल रोडवरचे दुकान असो की एखादा मॉल असो, समोर फुलपाखराच्या पंखावरची रेघ न् रेघ दिसत असते, कड्यावरून कोसळणारे पाणी दिसत असते, संत्र्याच्या सालीवरचे बारीक खड्डेसुद्धा मोजता येतील असे वाटते. ती सारी चित्रे त्याच पडद्याच्या मापाने टिपलेली आणि त्याच पडद्यासाठी तयार केलेली असतात. टीव्ही घरी येतो, भिंतीवर चढतो आणि त्यावर आपण जे पाहू लागतो त्यातले पुष्कळसे मात्र त्या पडद्याच्या कितीतरी आधी जन्मलेले असते. जुन्या मालिका, जुने सामने, कुणीतरी इंटरनेटवर चढवलेल्या गाण्याच्या मैफली, केबलवरच्या साध्या वाहिन्या आणि घरातल्या लग्नामुंजींच्या कॅसेटी. मग घरातले कुणीतरी विचारते की एवढा महागाचा टीव्ही आणि चित्र आपल्या जुन्या डब्यापेक्षाही वाईट कसे? हा प्रश्न मला रास्त वाटतो आणि त्याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे.

आधी साधा हिशेब मांडू. फोर-के नावाने विकल्या जाणाऱ्या पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० असे मिळून सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. आपल्या देशाने टीव्ही प्रक्षेपणासाठी स्वीकारलेल्या पाल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेषा असत, त्यांपैकी सुमारे ५७६ डोळ्यांना दिसत. आणि तेच चित्र डिजिटल स्वरूपात आणले की ७२० गुणिले ५७६, म्हणजे साधारण ४ लाख १५ हजार पिक्सेल होतात. भागाकार केला तर उत्तर बरोबर वीस येते. जुने चित्र या पडद्यावर काठोकाठ पसरायचे तर मूळच्या एका पिक्सेलच्या जागी वीस पिक्सेल उजळावे लागतात, आणि त्यांतल्या एकोणिसांचा रंग काय असावा हे चित्रात कुठेच लिहिलेले नसते. तो टीव्हीला ठरवावा लागतो. शिवाय हा गुणाकार सरळही नाही. १,०८० ओळींचे एचडी चित्र २,१६० ओळींवर न्यायचे तर प्रत्येक ओळ दुप्पट केली की झाले. ७२० ओळींचे असेल तर तिप्पट. ५७६ ओळींच्या बाबतीत मात्र हे प्रमाण पावणेचार येते. एक जुनी ओळ पावणेचार नव्या ओळींमध्ये बसवायची म्हणजे शेजारच्या ओळींचे रंग एकमेकांत मिसळणे आलेच, आणि चित्राच्या कडा पहिल्यांदा मऊ होतात त्या इथे.

माझ्या दादाचे लग्न १९९१ साली रामबागेतल्या एका कार्यालयात झाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला आणि त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा उंच धरून वायर सांभाळणारा मुलगा असे दोघे दिवसभर मांडवात फिरत होते. त्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी वर्षानुवर्षे कपाटात होत्या. माळव्याची हवा कोकणासारखी दमट नाही, म्हणून त्या बऱ्यापैकी टिकल्या. भाच्याने मागच्या दिवाळीत नवा पंचावन्न इंची टीव्ही घेतला, आणि कॅसेटींवरून करून घेतलेली फाइल त्याने सगळ्यांना बसवून लावली. पहिल्या काही मिनिटांतच तो म्हणाला, "आत्या, हे असं पाण्यात भिजल्यासारखं का दिसतंय? आपल्या जुन्या टीव्हीवर तर छान दिसायचं." वहिनीची तक्रार निराळीच होती. "ताई, मी लग्नात एवढी रुंद होते का हो?" दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि दोन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी होती.

आधी कॅसेटीत मुळात काय होते ते पाहायला हवे. जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस बाजारात आणली तेव्हा दोन तासांचे चित्रण स्वस्त फितीवर मावावे हा हेतू होता, आणि त्यासाठी तपशिलाला कात्री लावणे भाग होते. चित्राच्या उंचीएवढ्या रुंदीत जेमतेम २४० उभ्या रेषा वेगळ्या ओळखू येतील एवढाच तपशील या फितीवर उतरतो. रंगाची स्थिती त्याहून बिकट आहे. रंगाचा तपशील साधारण ४० रेषांपुरताच असतो. म्हणजे उजेड-अंधाराचे चित्र मध्यम स्पष्ट आणि त्यावर रंगाचा जाड कुंचल्याने दिलेला हात, असा तो प्रकार असतो. दादाच्या लग्नात आजी महेश्वरी नेसली होती. त्या साडीच्या अंगावरची बारीक चौकडी फितीवर नाहीच; तिथे सपाट जांभळा रंग आहे. काठावर चटईची नक्षी होती हे मला आठवते म्हणून दिसते, चित्रात ती एक थरथरती पट्टी आहे. आजीच्या कपाळावरच्या कुंकवाचा लाल रंग आपल्या जागेवर थांबत नाही, तो उजवीकडे भुवईवर ओघळल्यासारखा पसरतो. आणि तिची नथ, जिच्यातला मोती न् मोती आम्हा नातवंडांना पाठ होता, ती नाकाशी लागलेल्या पांढरट डागासारखी उमटली आहे. हे सगळे १९९१ सालीही असेच होते. फितीवर जे नव्हते ते तेव्हाही नव्हते.

मग तेव्हा ते का जाणवले नाही? त्याचे मोठे श्रेय पिक्चर ट्यूबला आहे, आणि त्या काचेच्या जड डब्याला आपण फार लवकर विसरलो असे मला वाटते. ट्यूबमध्ये आजच्यासारखी पिक्सेलची पक्की जाळी नसे. इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या बाजूच्या फॉस्फरवर, म्हणजे झोत पडताच उजळणाऱ्या लेपावर, एकेक रेघ ओढत जाई आणि त्या झोताचा ठिपका मध्यभागी तेजस्वी, कडेला मंद होत गेलेला असे. त्यामुळे शेजारच्या दोन रेषांचा उजेड एकमेकांत हळुवार मिसळे, आणि तरीही त्यांच्यामधली किंचित काळी फट डोळ्याला पोत असल्याचा भास देई. येणारे चित्र ५७६ रेषांचे आणि ट्यूबही तेवढ्याच रेषा ओढणारी, म्हणून मापे बदलण्याचा प्रश्नच येत नव्हता. शिवाय प्रत्येक बिंदू क्षणभर उजळून लगेच विझत असे, त्यामुळे हलणारी वस्तू स्पष्ट दिसे. आजचा पडदा पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे चित्र तसेच धरून ठेवतो. हलत्या वस्तूमागे फिरणाऱ्या डोळ्याला ते थांबलेले चित्र फरफटल्यासारखे वाटते.

दुसरे कारण आकाराचे आणि अंतराचे आहे, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखता येतो. एकवीस इंची ट्यूबवर चित्राची उंची ३० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एक रेघ सुमारे अर्ध्या मिलिमीटरची. दोन मीटरवर बसलेल्या माणसाला तेवढी रेघ सुटी दिसत नाही. त्याला सलग चित्र दिसते. आमच्या जुन्या घरात टीव्ही दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात लाकडी कपाटात आणि माणसे समोरच्या भिंतीशी सतरंजीवर अशी बैठक असे. तेवढे अंतर सहज पडत असे. पंचावन्न इंची पडद्यावर तेच चित्र ६८ सेंटिमीटर उंच होते, एकेक रेघ जवळजवळ सव्वा मिलिमीटरची होते, आणि ती दिसेनाशी व्हायला चार मीटर मागे सरकावे लागते. आजच्या फ्लॅटमधल्या दिवाणखान्यात चार मीटर कुठून आणायचे? सोफा भिंतीला टेकवला तरी तीन मीटर मिळतात. चित्राचे क्षेत्रफळ साडेचार पटींहून अधिक वाढले आणि आपण होतो तिथेच बसलो, किंवा थोडे पुढेच सरकलो. चित्र बिघडलेले नाही. आपण ते भिंगातून पाहू लागलो आहोत.

वहिनीच्या तक्रारीचे कारण मात्र कुठल्याही तंत्राच्या मर्यादेत नाही. ती निव्वळ हेळसांड आहे. जुने चित्र चार बाय तीन प्रमाणाचे असते आणि नवा पडदा सोळा बाय नऊ. चित्र ओढून पडदा भरला की प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद होते. चेहरे फुगतात, लग्नातली गोल ताटे लंबगोल होतात, सडपातळ नवरी थोराड दिसू लागते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले की काहीतरी कमी मिळाल्यासारखे अनेकांना वाटते आणि ते रिमोट उचलतात. मी याबाबत फार आग्रही आहे. ते काळे पट्टे चित्राचा मान राखतात. कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याने जी चौकट आखली ती तशीच राहिली पाहिजे, आणि माणसाच्या चेहऱ्याचे प्रमाण बदलण्याचा अधिकार पडद्याच्या रिकाम्या जागेला असू शकत नाही. वृत्तवाहिन्यासुद्धा जुनी दृश्ये दाखवताना सर्रास ताणतात, तेव्हा दिवंगत नेत्यांचे आणि गायकांचे चेहरे वेगळेच होऊन समोर येतात. ते पाहताना मला खरोखर वाईट वाटते.

आता अक्षतांची गोष्ट सांगते, कारण जुन्या व्हिडिओचा सगळ्यांत नाजूक गुण तिच्यात दडला आहे. पाल पद्धतीत सेकंदाला २५ पूर्ण चित्रे असतात, पण कोणतेही चित्र एकदम टिपले जात नाही. आधी एक सोडून एक अशा रेषा टिपल्या जातात, आणि एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या उरलेल्या. म्हणजे एका चित्राचे अर्धे अर्धे दोन भाग दोन वेगळ्या क्षणांचे असतात. मंगलाष्टके संपून 'शुभमंगल सावधान' झाले, अंतरपाट दूर झाला आणि चहूबाजूंनी अक्षता उडाल्या, तेव्हा त्या दोन भागांमधल्या अवधीत प्रत्येक दाणा तीन-चार सेंटिमीटर पुढे गेलेला होता. ट्यूब ते दोन भाग एकामागून एक दाखवत असे, म्हणून तांदूळ हवेतून सुळकन गेलेले दिसत. आजचा पडदा सगळ्या ओळी एकदम उजळतो. त्याने ते दोन भाग तसेच एकत्र विणले तर प्रत्येक दाणा दोन ठिकाणी आणि मध्ये कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा, असे विचित्र चित्र तयार होते. दादाच्या चेहऱ्यासमोर त्या क्षणी असा एक रेघांचा पडदाच उभा राहिला होता.

हे टाळण्याचे मार्ग आहेत. एक भाग टाकून द्यायचा आणि उरलेल्याच्या ओळी दुप्पट करायच्या, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग. त्यात अर्धी हालचाल आणि अर्धा तपशील दोन्ही जातात. दुसरा मार्ग असा की प्रत्येक अर्ध्या भागापासून एक पूर्ण चित्र बनवायचे आणि सेकंदाला २५ ऐवजी ५० चित्रे दाखवायची. चांगले टीव्ही आणि चांगली सॉफ्टवेअरे याच्याही पुढे जातात. चित्राचा जो भाग स्थिर आहे तिथे ते दोन्ही भागांच्या ओळी एकत्र वापरतात आणि जिथे हालचाल आहे तिथेच अंदाजाने ओळी भरतात. पाठीमागचा झेंडूचा तोरणपट्टा पूर्ण स्पष्ट आणि समोरच्या अक्षता प्रवाही, असे दोन्ही साधते. आमच्या फाइलीत हे साधण्याची शक्यताच उरली नव्हती. ज्याच्याकडे कॅसेट दिली होती त्याने ती उतरवतानाच दोन्ही भाग एकमेकांत कालवून सेकंदाला २५ चित्रे केली होती, आणि वर ते सोळा बाय नऊमध्ये ताणूनही ठेवले होते. भाच्याने टीव्हीची सगळी सेटिंगे चाळली, पण एकदा कालवलेले वेगळे करण्याचे बटण कुठल्याही रिमोटवर नसते.

ही गोष्ट आमच्या एकट्या घराची नाही. दोन हजार सालच्या आगेमागे घराघरांतल्या व्हीएचएस कॅसेटी व्हिडिओ सीडीवर उतरवून घेण्याची लाटच आली होती, आणि सीडी हातात पडल्यावर अनेकांनी कॅसेटी भंगारात दिल्या. व्हिडिओ सीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ पिक्सेलचे असते. २८८ म्हणजे ५७६च्या निम्म्या ओळी. व्यवहारात त्या दोन भागांपैकी एकच भाग तिथे शिल्लक राहतो. त्यात हे चित्र सेकंदाला अवघ्या सव्वा मेगाबिटच्या आत दाबून बसवलेले, त्यामुळे हालचाल वाढली की चौकोनी ठोकळे उमटतात. जुन्या ट्यूबवर ते ठोकळे लाजेखातर लपून राहत. फोर-के पडद्यावर, जिथे त्या एका पिक्सेलच्या जागी ऐंशीहून अधिक पिक्सेल उजळतात, तिथे नवरदेवाचा फेटा फरशा बसवल्यासारखा दिसतो. कॅसेट घरात असेल तर अजून काही करता येते. ती गेली असेल तर ती अर्धी हालचाल परत मिळवण्याचा काहीही उपाय नाही.

टीव्ही बनवणाऱ्यांना हे सगळे ठाऊक असते आणि ते आपल्या परीने उपायही करतात, पण दुकानात उठून दिसण्याच्या ओढीने ते उपाय प्रमाणाबाहेर जातात. शार्पनेस हे त्याचे जुने उदाहरण आहे. ते वाढवल्याने तपशील वाढत नाही. प्रत्येक कडेच्या अल्याड काळी आणि पल्याड पांढरी रेघ ओढली जाते आणि कड धारदार असल्याचा भास होतो. व्हीएचएसच्या चित्रात अशी प्रभावळ मुळातच थोडी असते. तिच्यावर टीव्हीने दुसरी काढली की माणसे कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसतात. दाणेदारपणा कमी करणारी सोय फितीवरची खरखर आणि कातडीचा पोत यांत भेद करू शकत नाही आणि दोन्ही पुसून टाकते. हालचाल मऊ करणारी सोय दोन चित्रांच्या मध्ये तिसरे काल्पनिक चित्र घालते. १९८३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कपिल देव यांनी मदनलाल यांच्या गोलंदाजीवर व्हिव्ह रिचर्ड्स यांचा मागे धावत घेतलेला झेल अशा टीव्हीवर पाहा. आकाशातला चेंडू मुळात मोजक्या पिक्सेलचा, तो कुठे आहे हे यंत्राला समजत नाही आणि चेंडू मध्येच नाहीसा होऊन पुढे प्रकटतो. ज्या क्षणासाठी आपण तो सामना पुन्हा लावतो, नेमका तोच क्षण मोडतो.

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे, आणि इथे मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. या पद्धतीत यंत्राला लाखो स्पष्ट चित्रे आणि त्यांच्याच मुद्दाम अंधुक केलेल्या प्रती दाखवून शिकवलेले असते. पुढे अंधुक चित्र समोर आले की अशा डागाच्या जागी बहुधा काय असते ते आठवून यंत्र ती जागा भरते. इमारतीच्या कडा, अक्षरे, झाडांची पाने यांच्यासाठी हे पुष्कळदा उत्तम काम करते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चेहऱ्यांचे तसे नाही. भाच्याने हौसेने त्या लग्नातल्या काही मिनिटांवर संगणकावर हा प्रयोग केला. पहिल्या नजरेत आम्ही सगळे थक्क झालो. डोळे चमकदार, केस न् केस सुटा, साड्यांना पोत आलेला. मग आजी समोर आली. तिच्या नाकाशी एक सुबक गोल कडी होती आणि त्या कडीत एक खडा होता. आजीच्या नथीत खडा नव्हताच. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे बारीक हिरवे ठिपके होते, जे फितीवर एका मळकट सावलीच्या रूपात का होईना पण उतरले होते. यंत्राने ती सावली डाग समजून धुऊन काढली होती. गालावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या. दिसत होती ती एक प्रसन्न, नीटस, सत्तरीची बाई, जी आमच्या घरात कधी राहिली नव्हती.

जुन्या पोथीची नक्कल करताना झिजलेल्या जागी लेखनिकाने स्वतःच्या मनचा शब्द घालावा आणि पुढच्यांनी तोच मूळ पाठ म्हणून पठण करावा, तसे हे आहे. फरक एवढाच की पोथीच्या बाबतीत दोन प्रती शेजारी ठेवून पाठभेद शोधणारे अभ्यासक असतात. घरातल्या व्हिडिओला तसा कुणी नसतो. ज्यांनी आजीला पाहिले आहे त्यांना खडा खटकतो. भाच्याच्या मुलीने तिला पाहिलेले नाही. तिच्यासाठी पडद्यावरची नथ हीच खापरपणजीची नथ. अंधुक चित्राविषयी माझी तक्रार नाही, कारण आपल्याला काय ठाऊक नाही ते अंधुक चित्र प्रामाणिकपणे दाखवते, आणि पाहणारा थांबून विचारतो की ते नाकाशी पांढरे काय आहे. मग कुणीतरी त्याला नथीविषयी सांगते. धारदार केलेल्या चित्रापुढे हा प्रश्न कुणाला पडत नाही.

माळव्यात राहणाऱ्याला हा प्रश्न संगीताच्या निमित्ताने वारंवार भेटतो. कुमार गंधर्व १९४८ साली हवापालटासाठी देवासला आले आणि १९९२ साली तिथेच गेले. इंदुरातल्या आमच्या आधीच्या पिढीने त्यांना समोर बसून ऐकले. माझ्यानंतरच्यांना ते भेटतात ते मुख्यतः जुन्या चित्रफितींतून, ज्या मूळ व्हिडिओवरून कॅसेटीवर, कॅसेटीवरून संगणकावर आणि तिथून दाबून इंटरनेटवर अशा अनेक घाटांचे पाणी पिऊन आलेल्या असतात. मोठ्या पडद्यावर त्या लावल्या की पहिला बळी तंबोऱ्याच्या तारांचा जातो. किंचित कललेली बारीक तार थोड्याशा पिक्सेलमध्ये सलग उतरत नाही, तिच्या पायऱ्या होतात. टीव्हीने शार्पनेस वाढवला की त्या पायऱ्या लकाकू लागतात आणि तार झंकारताना तुटक तुटक चमकते. गाणाऱ्याचा हात स्वराबरोबर वर जातो तेव्हा बोटे एकमेकांत विरघळतात. तरीसुद्धा मी अशा फिती सगळी कृत्रिम सुधारणा बंद करून, चित्र पडद्याच्या मध्यभागी लहान ठेवून पाहते, आणि त्या वेळी डोळा तक्रार करत नाही. गाणे ऐकणाऱ्याचे लक्ष हाताच्या दिशेकडे असते, नखांकडे नसते.

फिल्मची गोष्ट याहून वेगळी, हे इथेच सांगायला हवे, कारण अनेकदा लोक दोन्हींची गल्लत करतात. उस्ताद अमीर खाँ यांच्यावर फिल्म्स डिव्हिजनने १९७० साली लघुपट केला. तो दूरदर्शनच्या बहुतेक मुद्रणांपेक्षा जुना असूनही फिल्मवर असल्यामुळे मूळ प्रत चांगली राखली गेली तर ती पुन्हा नव्या यंत्रावर स्कॅन करून आजच्या पडद्याला पुरेल एवढा खरा तपशील मिळू शकतो. फिल्मवर रेषा किंवा पिक्सेल यांची मोजणी नसते, चांदीच्या क्षारांचे कण असतात. म्हणून १९५५चा चित्रपट फोर-केमध्ये लखलखीत येतो आणि १९९५ची मालिका येत नाही. मालिका व्हिडिओवर मुद्रित झाली तेव्हाच तिच्या तपशिलाची कमाल मर्यादा ठरून गेली. तिची कितीही सुंदर आवृत्ती काढली तरी ५७६ ओळींपलीकडचे काही तिच्यात नाही.

मग हाताशी काय उरते? माझ्या मते बरेच काही. पहिली गोष्ट टीव्हीच्या सेटिंगांतच आहे. आमच्या घरी आता जुने काही लावायचे असेल तेव्हा चित्राचे प्रमाण मूळचे चार बाय तीन, शार्पनेस शून्याच्या जवळ, हालचाल मऊ करणारी सोय बंद, आणि चित्राचा रंग दुकानातल्या भडक निळसर छटेवरून सिनेमाच्या उबदार छटेवर, एवढे बदल केले जातात. सेट-टॉप बॉक्स चित्र आधी १,०८० ओळींचे करतो आणि मग टीव्ही तेच पुन्हा २,१६० ओळींचे करतो, अशी दोनदा मापे बदलली जात असतील तर बॉक्सला मूळ माप तसेच पाठवायला सांगून पाहावे. कुणाचे यंत्र हे काम बरे करते ते डोळ्यांनी ठरवावे. काही वेळा चित्र लहान करून पाहण्याची सोय असते, तीही वापरावी. मोठा पडदा घेतला म्हणून प्रत्येक चित्र मोठेच पाहिले पाहिजे असे बंधन कुणी घातलेले नाही.

दुसरी गोष्ट मूळ फितीकडे परत जाण्याची, आणि ती तातडीची आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. आता जी यंत्रे आहेत ती सगळी जुनी आहेत. त्यांची फीत वाचणारी हेड झिजत चालली आहेत, रबरी पट्टे ढिले होत आहेत आणि दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत. म्हणून फीत उतरवून घ्यायची तर चांगल्या व्हीसीआरवरून, दोन्ही भागांच्या सगळ्या ओळी जशाच्या तशा ठेवून, ७२० गुणिले ५७६ या मूळ मापातच आणि फारसे न दाबता उतरवून घ्यावी. ताणू नये, धारदार करू नये, खालच्या कडेला दिसणारी फाटकी पट्टीसुद्धा कापू नये. फितीचे वाचन एका हेडकडून दुसऱ्याकडे जाते त्या जागी ती नेहमीच उमटते, ट्यूबच्या चौकटीमागे झाकली जात असे म्हणून आपण ती पूर्वी पाहिली नव्हती. ही मूळ प्रत एकदा सुरक्षित झाली की तिच्यापासून पाहण्यासाठी हव्या तेवढ्या सुधारित प्रती काढाव्यात. उद्या आजच्याहून चांगली पद्धत निघेल तेव्हा तीही याच प्रतीवर वापरता येईल.

दादाच्या लग्नाची मुख्य कॅसेट आम्ही अशा रीतीने पुन्हा उतरवून घेतली. अंतरपाट दूर होतानाचा प्रसंग आता सेकंदाला ५० चित्रांनी दिसतो, अक्षता हवेतून खरोखर उडतात, वहिनी पुन्हा सडपातळ झाली आहे आणि आजीच्या नाकाशी तो पांढरट डाग आहे. भाच्याने केलेली कृत्रिम प्रत आम्ही पुसली नाही. तिच्या नावातच 'संगणकाने बदललेली' असे लिहून ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. मूळ फाइलीसोबत मी एक कागदही लिहून ठेवला, त्यात कोण कुठे बसले आहे, आजीच्या नथीत किती मोती होते आणि तिच्या साडीचा काठ कसा होता ते नोंदवले आहे. सीमांतपूजनाची कॅसेट मात्र अजून बाकी आहे. तिच्या फितीच्या कडेवर बुरशीचे पांढरे ठिपके आले आहेत, आणि तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर फीत आणि हेड दोन्ही खराब होण्याची भीती आहे. ती आधी साफ करून देणारा माणूस मिळेपर्यंत मी ती कोणत्याही यंत्रात घालू देणार नाही.